कॅप्टनच्या नावचे अकरा सेकंद

कॅप्टनीण आमचे तीन जिने चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. दोन्हीतलं आधी काय थांबतंय याची वाट बघत मी दार धरून उभी राहिले. या बाईने पंधरा वर्षांत आमची घंटा वाजवली नव्हती. कुणाच्या लग्नात समोर आली तर मान हलवायची, मीही हलवायची, एवढाच आमचा घरोबा. आज मात्र छातीशी बटणाची प्लॅस्टिकची फाइल धरून विचारत होती, "भाऊजी आहेत ना, वहिनी?"

भाऊजी कुठे जाणार? ऐंशीच्या पुढचा माणूस, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पायाची नखं काढत होता. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पेला जरा जोरात ठेवला गेला. तिला कळलं असावं, कारण तिने तो उचललाच नाही.

कॅप्टन म्हणजे तिचा नवरा. जाऊन अडतीस वर्षं झाली. पलटणीतला वगैरे नव्हता, क्लॅरिनेट वाजवायचा. त्या काळी गाण्याच्या रेकॉर्डिंगला तीस-तीस वादक एका खोलीत दाटीने बसायचे, आणि कुणाचा ताल घसरला की हा बूट आपटून सगळ्यांना रांगेत आणायचा. म्हणून तो कॅप्टन आणि ही कॅप्टनीण. आमचे हेही क्लॅरिनेटवालेच, पण ह्यांना कुणी टोपणनाव दिलं नाही. चिकटावं असं ह्यांच्यात काही नव्हतंच. वेळेवर जायचे, सांगितलेलं वाजवायचे, चपला जागेवर ठेवून हात धुवायचे.

फाइलमधून तिने वादकांच्या संघटनेचं पत्र काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. मला दिलं नाही. मी चौथी शिकलेली हे तिला माहीत आहे, पण चौथीतही वाचायला शिकवतात. मी ह्यांच्या खांद्यावरून सगळं वाचून काढलं. पूर्वी वादकाला त्या दिवसाची मजुरी हातात पडायची, वहीत सही करायची, विषय संपला. मग ते गाणं लोकांनी दहा वेळा ऐकावं नाहीतर दहा लाख वेळा, वादकाचा त्याच्याशी संबंध नाही. गाणाऱ्याला मिळायचं, चाल बांधणाऱ्याला मिळायचं, वाजवणारा मेला काय नि जगला काय. आता सगळी गाणी फोनवर गेली आणि फोनवाल्यांना म्हणे एकेक वेळ मोजता येते. संघटना नऊ वर्षं कोर्टात भांडली आणि निकाल लागला, की जुन्या हजेरीच्या वह्यांत ज्यांची नावं आहेत त्या वादकांनाही त्यातला वाटा द्यायचा. आणि फोनवर गाण्याच्या खाली त्यांची नावं लावायची. मेलेल्यांची सुद्धा, फक्त बरोबरच्या कुणीतरी येऊन सांगायला हवं की होय, यानेच वाजवलंय.

गाणं कोणतं, ते वर ठळक लिहिलं होतं. ते वाचलं आणि मी खांद्यावरून बाजूला झाले.

ते गाणं आता सगळ्यांना माहीत आहे. खरं म्हणजे गाणं कुणाला माहीत नाही. दुसरं कडवं संपतं आणि तिसरं सुरू व्हायच्या आधी मधे एक क्लॅरिनेट येते, अकरा सेकंद, तेवढीच लोकांना हवी असते. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून एका म्हाताऱ्याच्या व्हिडिओला लावला, आणि तेव्हापासून जो तो लावत सुटलाय. माझ्या नातीने मला दाखवलं. बाळ पहिलं पाऊल टाकतं, त्याला ते. कुत्रं सोफ्यावरून पडतं, त्याला ते. एक बाई कांदा चिरताना रडते, तिलाही तेच. किती कोटी वेळा म्हणून नातीने आकडा सांगितला, तो माझ्या डोक्यात मावला नाही.

कॅप्टनीण ह्यांना सांगत होती, की पैशासाठी नाही हो भाऊजी. मुलगी चांगली आहे, करते माझं. पण नातवाने आजोबांना बघितलेलं नाही. त्याला दाखवायला माझ्याकडे त्यांचं आहे काय? वाद्य तर आजारपणातच विकलं, नंतर दुसऱ्याचं मागून वाजवत होते. आता तो फोन उघडेल आणि खाली आजोबांचं नाव दिसेल. बरोबरचे सगळे गेले, तुम्ही एकटे उरलात.

ह्यांनी पत्राची घडी घातली. होती त्याच घडीवर, कडेला कड लावून.

"येतो मी," हे म्हणाले.

ती निघाली तेव्हा पाणी प्यायली. मी दार लावलं आणि ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. हे परत नखांना लागले होते.

कारण ते अकरा सेकंद ह्यांचे होते.

त्या वर्षी कॅप्टनच्या फुप्फुसाला दुखण्याने धरलं होतं, पाच महिने दवाखान्यात होता. त्या धंद्यात तीन वेळा खुर्ची रिकामी राहिली की चौथ्या वेळी तिथे दुसरा बसलेला असायचा, आणि तो मग उठत नसे. म्हणून वादकांची एक रीत होती. आजारी माणसाच्या जागी त्याच्याच वाद्याचे दुसरे तिघंचौघं पाळीने जाऊन बसायचे, वाजवायचं आपण आणि वहीत सही त्याच्या नावाने करायची. पाकीट त्याच्या घरी पोचवायचं. बरा होऊन आला की त्याची खुर्ची त्याला तयार. स्टुडिओच्या मालकाला हे दिसत नव्हतं असं नाही, पण वाजतंय ना, मग त्याने कशाला तोंड उघडावं? आणि आजाऱ्याच्या बायकोला यातलं सांगायचं नाही, हाही त्याच रीतीतला भाग. कॅप्टनीण मानी बाई. कुणी आपल्यासाठी फुकट राबतंय हे कळलं असतं तर तिने पाकीट जिन्यावरून खाली भिरकावलं असतं. तिला सांगितलं, की तुझ्या नवऱ्याने आधी वाजवून ठेवलेल्या गाण्यांचे पैसे येतायत.

मी तेव्हा कुठे शहाणी होते. मला रविवार कळायचा तो लग्नाच्या कामांवरून. लग्नात वाजवलं की दुप्पट मिळायचे. त्या रविवारी एक मोठं लग्न चालून आलं होतं, थोरलीच्या शाळेच्या बुटांना तळ उरला नव्हता, आणि मी तिला सांगून बसले होते की सोमवारी नवे. हे सकाळी नेहमीसारखे कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून वाजवत बसले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हे आयुष्यभर कपाटात वाजवायचे, आमच्या सगळ्या कपड्यांनी ह्यांचे सूर ऐकलेत. मग क्लॅरिनेटची पेटी उचलून गेले. मला वाटलं, लग्नाला गेले.

संध्याकाळी आले ते रिकाम्या हाताने. पण तोंडावर असं काही होतं, की मी लग्नानंतर चार-पाच वेळाच बघितलं असेल. पेटी खाली न ठेवताच मला म्हणाले, "आज एक जागा जमली बघ." दुसऱ्या कडव्यानंतर लिहिलेलं काही नव्हतंच, संगीतकार म्हणाला इथे काहीतरी भर रे, आणि ह्यांनी ते मनानेच वाजवलं. सगळी खोली गप्प झाली म्हणे. व्हायोलिनवाल्यांनी गजाने स्टँडवर टकटक केलं. ती त्यांची टाळी.

मी विचारलं, पैसे. तेव्हा कळलं की लग्न सोडलं आणि पाकीट कॅप्टनच्या घरी गेलं. मी म्हणाले, "मग ती जागा शिजवून घालू का पोरांना?"

ह्यांनी पेटी कपाटावर ठेवली. त्या जागेबद्दल परत माझ्याशी शब्द काढला नाही. आज अठ्ठेचाळीस वर्षं झाली. लोक फोनवर तोच तुकडा वाजवतात, आणि मला दर वेळी माझंच वाक्य आधी ऐकू येतं, क्लॅरिनेट नंतर.

तर कॅप्टनीण येऊन गेली त्या दिवशी मी ह्यांना बजावलं. म्हटलं, तिला मदत करा, माझी ना नाही. पण तिथे जाऊन खरं सांगा. खुर्ची त्याची, हात तुमचे. एवढी वर्षं सगळ्यांचं ऐकलंत, तुमचे दात गेले, वाजवणं गेलं, उद्या आपण दोघं गेलो की कोण सांगणार? ती जागा कुणी लिहून दिली नव्हती. तुमच्या डोक्यातून आली होती.

हे म्हणाले, "वही काय म्हणते ते महत्त्वाचं."

मी म्हटलं, वहीला फुंकर मारता येत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. माझं तोंड कुणी धरलेलं नाही.

ह्यांनी खाली पडलेली नखं वेचून कागदात बांधली. मग म्हणाले, "बोल की. फक्त बोलशील तेव्हा तिच्याकडे बघून बोल."

मी म्हटलं, बघेन. मला कुणाची भीती आहे?

संघटनेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. भिंतीला लागून पत्र्याची कपाटं, त्यावर जुन्या वह्यांचे गठ्ठे. बाकावर आमच्याच वयाची माणसं कागद घेऊन बसली होती. एक ढोलकवाला होता, हे त्याला ओळखून बोलायला गेले. तो सांगत होता, की दोनशे गाणी वाजवली पण त्याच्या स्टुडिओच्या वह्या पुरात भिजल्या, त्याचं नाव कुठेच नाही. तरी दर सोमवारी येऊन बसतो. इथे पंखा चांगला आहे म्हणाला.

टेबलामागची मुलगी माझ्या नातीच्या वयाची. आजी, आजोबा करत तिने आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. आधी तिने हिशेब समजावला. गाणं हजार वेळा वाजलं की कंपनीकडून किती येतात, त्यातून कंपनीचे गेले, गाणाऱ्याचे गेले, चाल बांधणाऱ्याचे गेले, उरलेल्याचे बत्तीस वादकांत भाग. त्यातही लोक नुसता तुकडा लावतात तो वेगळा धरतात, त्याचे आणखी कमी. तिने आकडा लिहून कागद कॅप्टनिणीपुढे सरकवला. मी मान लांब करून बघितलं. मला वाटलं शून्य लिहायचं राहिलं.

"एवढ्या कोटी वेळा वाजून?" मी विचारलं.

मुलगी म्हणाली, हो आजी, म्हणून तर भांडतोय अजून. पण आधी नाव लागू दे, नाव असलं तर पुढे वाढवून मागता येतं. पोरगी भली होती, तिचीच चूक असल्यासारखी खाली बघून बोलत होती. मी तिला म्हटलं, कुत्र्याच्या मालकाला याहून जास्त मिळत असतील. ती हसली आणि म्हणाली, खरंच मिळतात आजी.

मग तिने कॅप्टनिणीची फाइल घेतली. कॅप्टनिणीने घरातला एकही कागद मागे ठेवला नव्हता. मृत्यूचा दाखला, लग्नाचा फोटो, पैशांच्या पाकिटातून कधीतरी आलेली एक चिठ्ठी, आणि दवाखान्याचेही सगळे कागद. कुणी सांगितलं होतं आणायला? पण म्हाताऱ्या माणसाला ऑफिस म्हटलं की असंच होतं. मुलगी एकेक कागद उलटत गेली, मग कपाटातली वही काढून तिच्याशी ताडून बघू लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. परत मागे गेलं.

ती म्हणाली, "आजी, वहीत रेकॉर्डिंगची तारीख सव्वीस आहे. आणि दवाखान्याच्या कागदावर आजोबा त्या महिन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत भरती आहेत."

कॅप्टनीण म्हणाली, ती पैशांची तारीख असेल बाळ, वाजवलेलं आधीच होतं. मुलगी म्हणाली, नाही, ही हजेरीची वही आहे, त्याच दिवशी समोर सही करायची.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मनात रात्रभर घोकलं होतं, सुरुवात कुठून करायची तेसुद्धा. हे समोर टेबलाच्या कडेकडे बघत होते. हे काही बोलणार नाहीत हे मला माहीत होतं आणि मला अडवणारही नाहीत हेही.

मी कॅप्टनिणीकडे बघितलं.

तिने चांगले कपडे घातले होते. कुठेतरी जपून ठेवलेले, घडीचे मोड अजून दिसत होते. केस नीट विंचरलेले, त्यातली एक पिन उलटी लागलेली. तिची बोटं फाइलच्या बटणावर होती आणि ती ते उघडत होती, लावत होती, उघडत होती. ती मुलीकडे बघत नव्हती, ह्यांच्याकडे बघत नव्हती. आपल्याला आता इथून उठायला सांगतील, तेव्हा कसं उठायचं, याची तयारी करत असल्यासारखी सरळ बसली होती. मानी बाई. माझ्यासारखीच मानी. मी तिच्या जागी असते तर मीही अशीच बसले असते.

"रविवारी सोडायचे त्याला चार तास," मी म्हणाले.

मुलीने वर बघितलं. ह्यांनीही.

मी म्हटलं, दवाखान्यातला डॉक्टर गाण्याचा शौकीन होता, कागदावर लिहायचा नाही, पण सोडायचा. मी त्या दिवशी स्टुडिओत ह्यांचा डबा घेऊन गेले होते. कॅप्टनला मी या डोळ्यांनी जिना चढताना बघितलंय. दर पायरीला थांबत होता. मी म्हटलंसुद्धा, अहो कशाला हा जिवावरचा खेळ. तर म्हणाला, वहिनी, आज एक जागा जमणार आहे बघा.

एवढं खोटं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. आणि बोलताना काही अडलं नाही.

मुलगी ह्यांच्याकडे वळली. हे म्हणाले, "हो. त्यानेच वाजवलं. फार सुंदर वाजवलं." ह्यांचा आवाज स्वच्छ होता.

मुलीने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. कळलं तिला की नाही, देव जाणे. दवाखान्याचे कागद तिने उचलून परत फाइलमध्ये घातले आणि म्हणाली, हे लागत नाहीत आजी, घरी ठेवा. मग साक्षीदाराच्या जागी ह्यांची सही घेतली आणि दुसरा साक्षीदार म्हणून माझी. मी सही करते, अंगठा नाही. वेळ लागतो, पण पूर्ण नाव लिहिते. महिन्याभरात गाण्याच्या खाली नाव येईल, असं मुलगी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. ह्यांना पुढे दाराजवळची जागा मिळाली, आम्ही दोघी मागे एका बाकावर. चार स्टॉप ती फाइल मांडीवर धरून पुढे बघत बसली. मला बरंच वाटलं. मग समोरच बघत म्हणाली, "डब्यात काय होतं वहिनी, त्या दिवशी?"

मी म्हटलं, आता आठवतंय होय मला, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं?

"मला आठवतं," ती म्हणाली. "त्या पाच महिन्यांत मी एक रविवार चुकवला नाही. सकाळी सातला जायचे, दिवे लागले की उठायचे. ते कुठेही गेले नव्हते."

बस सिग्नलला थांबली होती. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

ती म्हणाली, सगळी पाकिटं तशीच होती का? मी म्हटलं, सगळी. किती जण होते? मी म्हटलं, तिघं, पण तुमच्या घराचा जिना जास्ती वेळा ह्यांनीच चढला.  तिची बोटं परत त्या बटणावर गेली, पण तिने ते उघडलं नाही. मग उठत म्हणाली, "उतरू या. परत जाऊन सांगू या त्या मुलीला. मी सांगते."

खरं सांगायचं तर एक क्षण मी उठायला पाय खाली घेतले होते.

पुढे हे बसले होते. पाठीमागून फक्त टोपी आणि कान दिसत होते, आणि खिडकीच्या दांडीवर ठेवलेला हात. हात अगदी स्वस्थ होता. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी काही मागितलं नाही, हा माझा राग होता. तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर काढायचा नव्हता.

"बसा वहिनी," मी म्हणाले. "तिकीट पुढचं काढलंय."

ती बसली. तिचा स्टॉप येईपर्यंत आम्ही माझ्या थोरलीच्या आणि तिच्या मुलीच्या गुडघ्यांबद्दल बोललो. दोघींचेही दुखतात, आमचे नाहीत.

उतरायला ती पुढे गेली. ह्यांच्या सीटपाशी थांबली, एक हात दांडीला, एकात फाइल. तिला काहीतरी म्हणायचं असावं, पण मागून लोक येत होते आणि ड्रायव्हरने दार उघडलं होतं. ती नुसती बघत राहिली. मग उतरली आणि फुटपाथवर वळून ह्यांच्या खिडकीखाली उभी राहिली, तशीच सरळ.

आणि आमचे हे जागेवरून अर्धवट उठले. पूर्ण उभं राहायला वर जागा नव्हती. एक हात दांडीवर, पाठ वाकलेली, मान तिच्याकडे किंचित झुकवलेली, टाळ्या झाल्या की वादक झुकवतो तशी. बस हलली, तिने वेग घेतला, फुटपाथ मागे गेला तरी हे खाली बसेनात.

मी मागून म्हटलं, अहो बसा आता, तोल जाईल. ह्यांना ऐकू आलं नाही.

पुढच्या वळणापर्यंत हे तसेच उभे होते.